गाण्याच्या खाली

"गाणं ऐकू नकोस गं. गाण्याच्या खाली ऐक."

हे कानावर पडून सत्तेचाळीस वर्षं झाली. बोलणाऱ्या मोठ्या बाई केव्हाच गेल्या, पण त्यांचा तो सर्दी झाल्यासारखा जाडा, मायेचा आवाज गेला नाही. आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या बसल्या तो पुन्हा ऐकू आला, तेव्हा समोर लेक अर्ज लिहीत होती.

अर्ज सिस्टरविरुद्ध होता. घरी येऊन बाबांची जखम धुणारी, पट्टी बदलणारी ती सिस्टर. तिच्या हलगर्जीपणामुळं बाबा गेले, तिला कामावरून कमी करावं, असा अर्ज. फोनवरून तक्रार लेकीनं आधीच केली होती. ऑफिसनं सांगितलं होतं की लेखी द्या, आणि घरात जे कायम हजर होते त्यांची सही घ्या.

घरात कायम हजर होती ती आईच.

"झालंच गं," लेक मान वर न करता म्हणाली. "एवढं शेवटचं राहिलंय. मग तू फक्त सही कर."

आईनं नुसतं "हं" म्हटलं. शेल्फावरच्या पांढऱ्या डबीतून हळू आवाजात गाणं झिरपत होतं. लेकीनंच लावलं होतं, घर खायला उठू नये म्हणून.

तरुणपणी ही आई रेकॉर्डच्या कारखान्यात कानवाली होती. कामाचं खरं नाव काही वेगळं असेल, पण सगळे कानवालीच म्हणायचे. खाली मोठ्या शेडमध्ये काळी गरम वडी दोन साच्यांत धरायची, दाबायची, कडेचं उरलेलं कापून टाकायचं, की रेकॉर्ड तयार. अशा शंभर झाल्या की त्यांतली एक वर ऐकण्याच्या खोलीत यायची. भिंतींना बुचाचे तक्ते, मधे टेबल, कानांवर जड हेडफोन आणि हातात लाल पेन्सिल. गाणारीचा गळा कसा, शब्द कुणासाठी झुरताहेत, याच्याशी कानवालीला कर्तव्य नव्हतं. टिक कुठं होते, खरखर कुठं येते, सूर कुठं डुलतो, तेवढं धरायचं. खोट सापडली की लेबलावर बारीक लाल फुली. फुली पडली की शंभरच्या शंभर पुन्हा भट्टीत.

पहिल्या महिन्यात ती गाण्यात वाहून जायची. त्या खोलीच्या प्रमुख, मोठ्या बाई, मागून येऊन खांद्यावर बोट ठेवायच्या आणि तेच सांगायच्या. मग सवय झाली. इतकी, की टेबलावर डोकं टेकून डुलकी लागली तरी गाणं तिला जागं करत नसे. खरखर आली की मात्र डोळे आपोआप उघडायचे. पाणी वाहत असताना झोपावं आणि वाहायचं थांबलं की जागं व्हावं, तसं. सत्तावीस वर्षांत तिनं खोट असलेली एकही तबकडी पास केली नाही. लोक म्हणायचे, हिच्या कानात मांजर बसलंय.

तिच्या फुलीमुळं सगळ्यांत जास्त माल ज्याचा भट्टीत गेला, त्या खाली रेकॉर्ड दाबणाऱ्या प्रेसवाल्यानंच एकदा जिन्यात अडवून विचारलं होतं, माझ्यात काही खोट दिसते का. ती म्हणाली, आधी ऐकावं लागेल. वर्षभरात लग्न झालं.

शनिवारी भट्टीत जाणाऱ्या मालातली एकेक रेकॉर्ड घरी न्यायची मुभा होती. प्रेसवाला न चुकता आणायचा, आणि निवडून तिनं फुली मारलेलीच आणायचा. "तू नापास केलेली पोरं ही. कुणीतरी पदरात घ्यायला नको?" अशा दोनशे चौदा तबकड्या घरात झाल्या, एकूण एक लाल फुलीच्या. एक तिसऱ्या कडव्यात खोकायची. एकीचं मधलं भोक सरकलेलं, तिच्यातला सूर भर दुपारी प्यायल्यासारखा झोकांड्या खायचा. एकीत ऐन भरात एकच टिक, दारावर नखानं वाजवावं तशी. प्रेसवाला मांडीवर बोट धरून बसायचा आणि नेमक्या त्या जागी टिचकी मारायचा. आली बघ पाहुणी, म्हणायचा.

कारखाना बंद पडला तेव्हा ऐकण्याच्या खोलीतलं रेकॉर्ड प्लेअर भंगारात निघालं. घरातल्या जुन्या प्लेअरच्या जागी ते त्यानं सायकलच्या मागं बांधून आणलं, मुलगी सासरहून आणावी तसं जपून.

घरात घड्याळ होतं, पण वेळ मोजला जायचा तो रेकॉर्डच्या बाजूंनी. एक बाजू म्हणजे वीस मिनिटं. लेकीला दोन बाजू अभ्यास आणि मग खेळ. आंघोळीला अर्धी बाजू, त्याच्यावर पाणी बंद. बापाला यायला उशीर झाला की पोर खिडकीत उभी राहून विचारायची, आई, बाबांना अजून किती बाजू? एकदा मैत्रिणीच्या घरी तिनं तेच गाणं न खोकता ऐकलं आणि फुरंगटून घरी आली. आपली गाणी तोतरी आहेत, म्हणाली. बाप इतका हसला की त्याला ठसका लागला.

ती लेक पुढं मोठी झाली, लांबच्या शहरात गेली. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी प्रेसवाल्याच्या हातातून पेला पडला, तो उचलायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डावा हात तेवढा जिवंत उरला, आणि त्या हाताचं ते बोट.

मग सिस्टर येऊ लागली, मंगळवारी आणि शुक्रवारी. बुटक्या चणीची, चपला दाराबाहेर काढून तुरुतुरु आत यायची. काय राजे, आज कोणतं गाणं, म्हणायची आणि राजांना एका हातानं उचलून बसवायची. तिनंच कानवालीला सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी, पुन्हा डावी. कपाटाच्या दारावर तिनं दोन-दोन तासांची घरं आखलेला कागद चिकटवला, त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधली. कूस बदलली की एक रेघ, कागद भरला की त्याच्यावर दुसरा. कातडी लाल दिसली तर अंगठ्यानं दाबून बघायची. दाबल्यावर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर त्याच दिवशी फोन. कागदाच्या कोपऱ्यात तिनं नंबर लिहिला.

"चूक कुणाच्याही हातून होते, काकू. लाजायचं नाही. त्याच दिवशी फोन करायचा. एक दिवस गेला तर मी काहीतरी करू शकते, चार दिवस गेले तर नाही."

रात्री गजर, दिवसा रेकॉर्ड, असं कानवालीनं ठरवून टाकलं. सहा बाजू झाल्या की एक कूस. गुडघे कुरकुरायचे, पण दर वीस मिनिटांनी उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. मधे डोळा लागलाच तर सुई शेवटच्या चरीत जाऊन खर्रर टक, खर्रर टक करू लागायची आणि ती ताडकन जागी व्हायची. सहावी बाजू संपली की त्याच्या काखेत हात घालायचा आणि स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी पुटपुटायच्या, ओझं उचलताना म्हणावं तशा:

हात दे गळ्यात, भार दे हातात,
वळ रे सावकाश, पान वळे वाऱ्यात.

तो वळायचा. कागदावर रेघ पडायची. बावीस महिने त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. सिस्टर दुसऱ्या घरी जाऊन सांगायची की बघून या एकदा, माणूस कसा ठेवावा.

लेक दोन-तीन महिन्यांनी यायची. तिला दिसायची ती आईची उठबस. दिवसातून चाळीस वेळा खुर्चीचे हात धरून उठणारी, उठताना ओठ दाबणारी आई. तिला ते बघवेना. पुढच्या खेपेला ती पांढरी डबी घेऊन आली. साबणाच्या वडीएवढी, पण आवाज खोली भरून. दोनशे चौदा रेकॉर्डींवरचं एकेक गाणं तिनं शोधून काढलं होतं. नोकरी सांभाळून, रोज थोडं थोडं, दोन महिने. फळीवर तबकड्या ज्या क्रमानं होत्या, त्याच क्रमानं लावली होती. काही सापडत नव्हती, तर कुणा अनोळखी माणसांना लिहून मिळवली होती.

"आता उठायचं नाही," ती म्हणाली. "हे संपतच नाही. एकदा लावलं की लावलं."

मग दोघींनी ताडून पाहिलं. आधी रेकॉर्ड लावली, ती एका टिकेची. टिक आली, आणि पलंगावर डाव्या हाताच्या बोटानं टिचकी मारली. मग तेच गाणं डबीवर. कानवालीनं डोळे मिटले, जुन्या सवयीनं गाण्याच्या खाली उतरली. खाली काही नव्हतं. ना सुईचा श्वास, ना धूळ, ना कडेची घरघर. धुतल्या तांदळासारखं गाणं. आणि खाली काही नाही म्हणून ती पहिल्यांदाच वर राहिली, आणि तिला शब्द ऐकू आले. कुणीतरी कुणाला तरी परत ये म्हणत होतं. इतकी वर्षं हे गाणं घरात होतं आणि ते काय म्हणतंय हे तिला ठाऊक नव्हतं.

टिकेची जागा आली. टिक आली नाही. बोटानं तरीही टिचकी मारली.

"बघ, बाबांनाही आवडलं. ताल धरताहेत," लेक म्हणाली. "पास की नापास?" तिचा चेहरा लहानपणीसारखा फुलला होता.

तो ताल नव्हता, हे कानवालीला कळलं होतं. पण तो चेहरा बघून तिला बोलवेना. लेकीनं विचारलेल्या प्रश्नाचं तेवढं उत्तर दिलं. "पास. एकसुद्धा खोट नाही."

लेक परत गेली. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी सिस्टर येऊन गेली, कातडी बघून छान म्हणाली. दुपारी एकला कानवालीनं नवऱ्याला डाव्या कुशीवर वळवलं, त्याच्या तोंडासमोर खुर्ची ओढली, कागदावर रेघ मारली आणि डबी लावली. आदल्या रात्री तीनदा गजर झाला होता. खिडकीतून ऊन पायावर येत होतं. गाण्यातली बाई कुणाला तरी सांगत होती की दिवा लावून ठेवलाय. कानवाली ते ऐकत राहिली.

डोळे उघडले तेव्हा ऊन नव्हतं. गाणं चालूच होतं. भिंतीवर सहा वीस.

तो तिच्याकडं बघत होता. तसाच, डाव्या कुशीवर. जिवंत हात अंगाखाली चेपला होता, मनगटापासून पुढंच काय ते बाहेर. त्या बोटाखाली चादर एका जागी चोळामोळा झाली होती, धागे निघेपर्यंत. तो खरवडत होता. सुईसारखं. पण मऊ सुती चादर ती, तिला कुठला आवाज.

तिनं त्याला वळवलं. त्या दोन ओळी तोंडाशी आल्या नाहीत. खुब्यावर तळहाताएवढा डाग, लाल नव्हे, जांभळा. अंगठ्यानं दाबला. तसाच राहिला. पुन्हा दाबला. तसाच.

फोन शेजारच्या खोलीत होता. नंबर कागदावर होता. ती कागदापाशी गेली, आणि तिथं तीनच्या आणि पाचच्या घरात रेघ नव्हती. बावीस महिन्यांच्या रेघांत ती दोन घरं दात पडल्यासारखी दिसत होती. तिनं दोऱ्याची पेन्सिल घेतली आणि दोन रेघा मारल्या. मागं वळून पाहिलं तर तो तेही बघत होता.

रात्रभरात उतरेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. शनिवारी तेच सांगितलं. रविवारीही. सोमवारी लेकीचा फोन आला, डबी कशी आहे विचारायला. छान आहे, ती म्हणाली.

मंगळवारी सिस्टरनं कपडा बाजूला केला आणि थट्टा मधेच थांबवली. कूस बदलत होतात ना, तिनं विचारलं. कानवाली म्हणाली, दर दोन तासांनी. सिस्टर कागदापाशी गेली, घरं वाचली, परत येऊन जखमेकडं पाहिलं, मग कानवालीकडं. त्या दिवसापासून रोज येऊ लागली, सुट्टीच्या दिवशीही, नेमून दिलेलं नसताना. पण आत जे पोखरायचं ते पोखरून झालं होतं. जखम उघडली, हाडापर्यंत गेली. डबी कानवालीनं त्या शुक्रवारीच बंद केली होती. पुन्हा तबकड्या सुरू झाल्या, पुन्हा सहा बाजू, एक कूस. टिक यायची, बोट हलायचं नाही. पाचव्या आठवड्यात ताप चढला, दवाखान्यात नेलं, आणि तिथून तो आला तो झाकूनच.

डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, जखमेतलं विष रक्तात गेलं. जखम झालीच कशी, लेकीनं घरी येऊन विचारलं. आईनं नुसतं कपाटाच्या दाराकडं पाहिलं. लेकीनं कागद वाचला. एकही घर रिकामं नाही. म्हणजे आईची चूक नाही. मग चूक कुणाची? चूक कुठंतरी असायलाच हवी होती, नाहीतर ती एवढ्या रडण्याचं करणार काय? शेवटी चूक सिस्टरवर जाऊन बसली.

सांगावं तर कसं, हे कानवालीला तीन आठवडे कळत नव्हतं. आपली अब्रू जाईल, याचं फारसं काही उरलं नव्हतं. पण सांगितलं तर लेक विचारणार, तू तर सुईच्या आवाजानं जागी व्हायचीस ना. आणि मग ती शेल्फावरच्या डबीकडं बघणार. दोन महिने खपून आणलेल्या डबीकडं. जन्मभर बघत राहणार.

परवा सिस्टर पलंगावरची, ऑफिसनं दिलेली हवेची गादी न्यायला आली होती. चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिली. ऑफिसनं माझी कामाची घरं थांबवलीत, म्हणाली. सात घरं होती. रडगाणं नव्हतं त्यात, सांगितलं एवढंच. गादी खांद्यावर घेताना म्हणाली, "राजे गेले, काकू, त्याचं मलाही वाईट वाटतं. मी काय चुकले ते मला कुणी सांगत नाही. तुम्ही तेवढं सांगाल?"

कानवालीनं दार लावून घेतलं होतं.

"ऐक," लेक म्हणाली आणि अर्ज वाचू लागली. माझे वडील तेवीस महिने अंथरुणावर होते. माझ्या आईनं दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली. एकदाही खंड पडला नाही. पुरावा म्हणून तिचा कागद सोबत जोडला आहे. वाचताना तिचा आवाज दोन ठिकाणी चिरकला. मग तिनं अर्ज आणि कागद आईपुढं सरकवले, वर पेन ठेवलं.

"डबी बंद कर," आई म्हणाली.

"का गं?"

"कर जरा बंद."

गाणं थांबलं. मग त्याच्या खाली जे काही होतं ते वर आलं. नळाचा थेंब. शेजारच्या घरात हलवलेली खुर्ची. लेकीचा दमलेला श्वास, नाकात अडकणारा. सगळ्यांखाली एक खर्रर, खर्रर, कापडावर नख ओढावं तशी, जी या खोलीत कुठंच नव्हती.

तिनं टेबलाचा खण उघडला. बोटाच्या पेराएवढी उरलेली लाल पेन्सिल काढली. अर्ज बाजूला सारला, घरांचा कागद ओढला, त्या शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवलं. तीनच्या घरात बारीक फुली मारली. पाचच्या घरात एक.

"आई, हे काय करतेस?"

"ह्या दोन रेघा खोट्या आहेत. मी मागाहून मारल्या."

लेकीला कळलं नाही.

"मी कूस बदललीच नव्हती. खुर्चीत झोपले होते. तो माझ्यासमोर होता, त्याला हाक मारता येत नव्हती. सिस्टरनं सांगितलं होतं, त्याच दिवशी फोन करा. मी चार दिवस केला नाही. तिनं विचारलं तेव्हा तिच्या तोंडावर खोटं बोलले." तिनं अर्जाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली. "तिच्या ऑफिसला हे लिही. त्याच्यावर सही करते."

लेकीची नजर शुक्रवारच्या तारखेवरून उठली, आणि शेल्फाकडं गेली. जाणारच होती.

"त्या डबीकडं बघू नकोस," आई म्हणाली. "तिच्यात खोट नव्हती. झोप माझी होती."

लेकीनं दोन्ही हात मांडीवर घेतले होते, एकात एक गुंतवून. ती बोलली तेव्हा आवाज बारीक झाला होता, खिडकीत उभ्या राहणाऱ्या त्या पोरीचा.

"किती वेळ, आई?"

"सोळा बाजू," कानवाली म्हणाली.